घोळ झाला की झाली

सोनईत सहादूच्या घरामागच्या परसात कुणी कधी ठरवून काही लावलं नव्हतं, आणि तरीही भामाबाईला भाजीसाठी बाजार गाठावा लागत नव्हता. न्हाणीचं पाणी जिकडे वाहील तिकडे तांदुळजा उगवायचा. उकिरड्याच्या कडेला टमाटे लागायचे. दोडका दरवर्षी भिंतीची नवी बाजू पसंत करायचा, आणि चाकवत तर एकदा थेट गोठ्याच्या दारात येऊन बसला होता. भामाबाईचा नियम एवढाच की कुठलीही भाजी पार संपवायची नाही. "समदं खाऊ नका. चार झाडं बियाला सोडा," असं ती म्हणायची. ती चार झाडं म्हातारी व्हायची, वाळायची, बी सांडायची, आणि पुढच्या पावसात त्यांची पोरंबाळं वाटेल तिथं उभी राहायची. पाहुण्यांना परस दाखवताना सहादू म्हणायचा, "आमी कायबी करत न्हाई, बरं का!" आणि काही न करणं ही मोठी कला असल्यासारखा मिशीवरून हात फिरवायचा.

दुष्काळाच्या दोन वर्षांत मात्र परसही थकला. न्हाणीलाच पाणी नाही तर परसाला कुठून मिळणार? धुण्याच्या दगडाशी मूठभर घोळीची भाजी तेवढी तग धरून होती. मग त्र्याहत्तर साली पाऊस मनासारखा झाला आणि मातीत दडून बसलेलं घोळीचं सगळं बी एकदम जागं झालं. इवली, जाड, गुळगुळीत पानं आणि तांबूस देठ, जिकडे बघावं तिकडे पसरलेले. पायवाटेवर घोळ, तुळशीवृंदावनाच्या फटीत घोळ. सहादूनं टाकून दिलेल्या एका वहाणेत माती साचली होती, तिच्यातही घोळ. भामाबाईनं डाळ घालून केली, लसूण घालून केली, भाकरीच्या पिठात मळली. आळीतल्या बाया ओटी भरभरून घेऊन गेल्या. तरी घोळ हटेना. तेव्हा भामाबाईला आपल्या होणाऱ्या विहिणीची आठवण झाली.

भामाबाईच्या लेकीची, पुष्पावतीची, सुपारी वैशाखात फुटली होती. मुलगा गोरक्षनाथ. नगरजवळ नागापूरला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एका कंपनीत तो कामाला होता आणि आईबापांसह तिथंच राहत होता. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं होतं. सुपारीच्या दिवशी धुण्याच्या दगडाजवळची ती मूठभर घोळ भामाबाईनं विहिणीच्या ताटात वाढली होती, आणि राहीबाई बोटं चाटत म्हणाल्या होत्या, "आमच्या तिकडं निस्तं शिमिट. पुन्यांदा घोळ झाली की निरोप धाडा, इहीनबाई. म्या सोता येईन."

"धाडीन की. आन ही भाजी पुष्पीच्या हातची, बरं का!" भामाबाई बोलून गेली होती.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. भाजी खुडली होती पुष्पीनंच. त्यापुढचं सगळं भामाबाईनं केलं होतं. पुष्पी विहिरीवरचं ऑइल इंजिन एका झटक्यात हँडल मारून चालू करायची, पट्टा निसटला तर बसवायची, आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखायची. पण भाकरी थापायला बसली की ती, पीठ आणि तवा या तिघांचं कधी जमलं नाही. भामाबाईचं माहेर शेजारच्या शिंगणापूरचं. जिथं घरांना दारंच नाहीत अशा गावात वाढलेल्या बाईला काही झाकून ठेवायची सवय नसते. तिनं उभ्या जन्मात ही एक गोष्ट झाकली होती, अगदी सहादूपासूनसुद्धा, आणि तीच आता तिच्या जिवाला लागून राहिली होती. सासरी गेल्यावर पोरीचं कसं व्हायचं? लग्न मोडलं तर? विहिणीला आधीपासून घोळीनं गोड करून ठेवावं, असा तिचा साधा हिशेब होता.

निरोप न्यायला काकासाहेब गुरुजी होते. गुरुजी सोनईच्या शाळेत मराठी शिकवायचे, शेजारच्या खोलीत एकटे राहायचे, स्टोव्हवर खिचडी करून खायचे आणि शनिवारी दुपारी नगरला घरी जायचे. माणूस देवासारखा. फक्त अशुद्ध बोलणं ऐकलं की त्यांना उचकी लागल्यासारखं व्हायचं.

भामाबाईनं पिठाच्या हातानं भिंतीवरून हाक मारली. "गुरुजी, नगरला निघाला न्हवं? मंग नागापूरला आमच्या इहीनबाईंना निरोप द्या. म्हनावं, घोळ लई झालीय. आता आवरंना. समद्या आळीला ठावं झालंय, तुमीच तेवढ्या ऱ्हायल्या. पोराला घिऊन या. आन बी पडायच्या आत या."

गुरुजींचा चेहरा गंभीर झाला. दुसऱ्याच्या घरातल्या भानगडीत नाक खुपसायचं नाही हे त्यांचं तत्त्व होतं, म्हणून त्यांनी काहीच विचारलं नाही. "सांगतो," एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले.

शनिवारची एसटी शिंगणापूरहून परतणाऱ्या भाविकांनी खचाखच भरली होती. गुरुजी उभ्यानंच निरोप घोकत राहिले. घोळ झाली? घोळ पुल्लिंगी. तो घोळ, ते घोळ. बिचारी बाई, संकटात माणसाचं व्याकरण सुटतंच. त्यांनी मनातल्या मनात ते दुरुस्त केलं. 'बी पडायच्या आत' हा वाक्प्रचार मात्र त्यांना कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात आठवेना. बऱ्याच विचारानंतर 'वेळ निघून जाण्याच्या आत' असा त्याचा अर्थ त्यांनी लावला आणि नगर येईपर्यंत निरोप कसा स्वच्छ, शुद्ध करून ठेवला.

घरची सायकल काढून गुरुजी नागापूरला पोचले तेव्हा राहीबाई दारातच गहू निवडत बसल्या होत्या. त्यांचे यजमान रंभाजी खाटेवर पडले होते. गुरुजींनी चहाला नको म्हटलं. अशा प्रसंगी चहा घेणं त्यांना बरं वाटलं नाही.

"भामाबाईंचा निरोप आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "घोळ फार झाला आहे. आता आवरत नाही. सगळ्या आळीला कळलं आहे, तुम्हालाच तेवढं कळायचं होतं. मुलाला घेऊन, वेळ निघून जाण्याच्या आत, यावं." आणि जास्त चौकशी होण्याआधी ते सायकलवर टांग टाकून निघूनही गेले.

राहीबाईंच्या हातातलं सूप तिरकं झालं. गहू अंगणभर सांडले. "आवो, ऐकलं का? कळ्ळं त्यांना!"

रंभाजी उठून बसले. काय कळलं हे त्यांना विचारावं लागलं नाही. मुलगी बघायला गेले तेव्हा सहादूनं विचारलं होतं, "पोरगं कंपनीत मशीनवर आसंल?" त्या वेळी रंभाजींच्या तोंडात अख्खा लाडू होता. तोंड भरलेल्या माणसानं जेवढं करता येतं तेवढंच त्यांनी केलं, म्हणजे मान हलवली. मान कुठल्या बाजूनं हलली यावर पुढे सगळं अवलंबून राहिलं. गोरक्षनाथ कंपनीत होता हे खरं. पण तो होता कंपनीच्या क्यांटीनात, आचारी. शंभर-दोनशे माणसांच्या पोळ्या, आमट्या, उसळी त्याच्या हाताखालून जात. लहानपणापासून त्याला चुलीचाच नाद. घरात त्याचाच हात चाले, राहीबाईंनी तर चुलीसमोर बसणं कधीच सोडून दिलं होतं.

"तुमी लाडू गिळून बोलला आसता तर काय झालं आसतं?" राहीबाई म्हणाल्या.

"आता बोलून उपेग न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं जायाचं, हात जोडायचे आन समदं सांगून टाकायचं. मोडली सोयरीक तर मोडली."

गोरक्षनाथ भिंतीला टेकून ऐकत होता. त्याला पुष्पावती आवडली होती. सुपारीच्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना विहिरीच्या तळाचं उरलंसुरलं पाणी ओढणारं इंजिन बंद पडलं आणि ही पोरगी ताटावरून उठून ते चालू करून आली, तेव्हापासून आवडली होती. त्यानं रविवारसाठी सदरा धुऊन वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी तिघंही सोनईच्या घरात शिरली तेव्हा भामाबाईला कोण आनंद झाला. निरोप मिळाल्याबरोबर हजर! घोळीची इतकी हौस!

"आमाला वाटलं तुमी सवडीनं याल," ती पाण्याचा तांब्या पुढं करत म्हणाली.

"असल्या गोष्टीला सवड कसली, इहीनबाई," राहीबाई मान खाली घालून म्हणाल्या. "तुमाला कवा कळ्ळं?"

"पाऊस पडला तवाच म्या वळखलं. आदी यवढीशी हुती. म्हनलं, काय हुतंय! बगता बगता परसभर झाली."

आता 'झाली' ऐकून राहीबाईंना शंका यायला हवी होती. पण 'गोष्ट'ही स्त्रीलिंगीच, त्यामुळे तिथंही बोलणं बेमालूम बसलं. "आन आळीतली मान्सं काय म्हन्त्यात?"

"काय म्हन्तील? बायांच्या रोज तोंडी हाय."

राहीबाईंनी डोळ्याला पदर लावला. "पुष्पावतीला काय वाटतंय?"

"तिला तर पार कट्टाळा आला."

हे ऐकून गोरक्षनाथानं धुतलेल्या सदऱ्याचं बटण पिरगाळायला सुरुवात केली. "मंग आता कसं करायचं म्हन्ता?" रंभाजींनी घसा खाकरून विचारलं.

"तुमी म्हनाल तसं," भामाबाई मोकळेपणानं म्हणाली. "म्हनाल तर आत्ता मुळासकट उपटून टाकू."

रंभाजींना आता राहवेना. ते उभे राहिले आणि डोक्यावरचा पटका काढून त्यांनी सहादूसमोर ठेवला. "पाव्हनं, उपटू नका. चूक आमची हाय. पोरगं मशीनवर न्हाई. क्यांटीनात हाय. आचारी हाय. त्या दिशी माझ्या तोंडात लाडू हुता, त्यो खाली उतरंस्तवर तुमी कुकू लावायला घेतलं. नंतर सांगायचा धीर झाला न्हाई. ह्योच काय त्यो घोळ. पोरगं सोन्यावानी हाय, त्याच्या अंगाला लावून घिऊ नका."

सहादूनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं परसाकडे पाहिलं.

"आवो, म्या घोळीच्या भाजीला बोलवलं तुमाला!" भामाबाई म्हणाली.

"गुरुजी तर म्हनले, घोळ झालाय."

"झालाय न्हाई. झालीय! ती काय समोर!"

सगळ्यांनी मागच्या दारातून पाहिलं. पायवाट, वृंदावन, वहाण, सगळीकडे घोळ उन्हात चकाकत होती. रंभाजी त्या हिरव्या पसाऱ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे तुमाला कायबी ठावं नव्हतं?"

"आत्ता झालं," सहादू म्हणाला. त्याचा आवाज चांगला नव्हता. "म्या साऱ्या सोनईत सांगून बसलोय, जावई मशीनवर हाय म्हनून. पारावर सांगितलं, बाजारात सांगितलं. आता काय सांगू? जावई पोळ्या लाटतो म्हनू? पुरुषासारका पुरुष चुलीपुढं? माझ्या पोरीनं काय बगावं त्याच्यात?" तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. सहादू भिंतीकडे तोंड करून बसला की ती गोष्ट गेलीच म्हणून समजायची.

राहीबाई पिशवी चाचपू लागल्या. रंभाजींनी पटका उचलला. तो डोक्याला बांधून दाराबाहेर पाऊल टाकलं की सोयरीक मोडणार हे भामाबाईला लख्ख दिसलं. तिनं एकदा पुष्पीकडे पाहिलं. पुष्पी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि गोरक्षनाथाच्या त्या तुटायला आलेल्या बटणाकडे बघत होती. तेवढ्यावरून आईला जे समजायचं ते समजलं.

"थांबा, पाव्हनं," भामाबाई म्हणाली. "अजून यक घोळ हाय. त्यो माझा." आणि नवऱ्याच्या पाठीला उद्देशून ती बोलून मोकळी झाली, "आवो, आपल्या पोरीला भाकरी थापता येत न्हाई. कालवन येत न्हाई. काय म्हंजे कायच येत न्हाई."

सहादू भिंतीपासून वळला. "मंग रोज म्हनायची ना, पोरीनं केलंय?"

"ती ताट ठिवायची. बाकीचं म्या."

"आन वांग्याचं भरीत?"

"म्या."

"दिवाळीच्या करंज्या?"

"त्याबी म्याच."

सहादूला जावयापेक्षा हा धक्का मोठा बसला. त्या करंज्यांवरून त्यानं पारावर जे काही सांगितलं होतं तेही आता त्याला आठवलं असावं. एवढ्यात गोरक्षनाथ पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, "मामी, घोळ आत्ताच खुडाया पायजे. फुलं याया लागली. बी धरलं की पानं आंबट व्हत्यात." आणि कुणाच्या परवानगीची वाट न बघता तो परसात उतरला.

पुष्पी टोपली घेऊन त्याच्या मागे गेली. तो शेंडे खुडत होता आणि मधलं एखादं रोप मुद्दाम सोडून देत होता.

"ती का सोडली?" तिनं विचारलं.

"बियाला. फुडल्या वर्षी पायजे न्हवं?"

दारात उभ्या असलेल्या भामाबाईनं ते ऐकलं आणि तिच्या मनातलं ओझं उतरलं. बियाला चार झाडं सोडणारा माणूस पोरीला उपाशी ठेवणार नाही, एवढं तिला कळत होतं.

पुढचा वेळ घरात फक्त फोडणीचा आवाज होता. लसणाचा वास भिंतीपर्यंत पोचला आणि सहादूचं नाक त्याच्या परवानगीशिवाय हललं. ताटं मांडली. गोरक्षनाथानं हातावर थापलेली बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ होती. सहादू मान खाली घालून जेवला. पहिली भाकरी संपली. वाटी रिकामी झाली. त्यानं वाटीचा तळ बोटानं पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि कुणाकडेच न बघता विचारलं, "अजून हाय का थोडी?"

राहीबाईंनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. गोरक्षनाथानं वाटी भरली.

"पर लोकांना काय सांगू?" सहादू घास तोंडात ठेवूनच म्हणाला.

"सांगा, लेक मशीनवर हाय," पुष्पी म्हणाली. "खोटं थोडंच हाय?"

सहादूनं जोरात मान हलवली. तोंड भरलेलं असलं तरी या वेळी मान कुठल्या बाजूनं हलली हे सगळ्यांना नीट दिसलं.

सोमवारी सकाळी गुरुजी परतले आणि भिंतीजवळ येऊन त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "भामाबाई, घोळ मिटला का?"

"संपली, गुरुजी. पर वाटीभर तुमच्यासाठी ठिवलीय."

गुरुजींनी भाजी खाल्ली. फार दिवसांनी खिचडीखेरीज काहीतरी पोटात गेलं. "उत्तम! कसली भाजी ही?"

"ह्योच तुमचा घोळ," भामाबाई म्हणाली आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. गुरुजींनी रिकामी वाटी खाली ठेवली. उभ्या नोकरीत एवढी मोठी लिंगाची चूक त्यांच्या हातून कधी झाली नव्हती.

लग्न ठरल्यावेळी झालं. दुसऱ्या वर्षीचा पाऊस येऊन गेला आणि एका सोमवारी गुरुजी एसटीतून उतरून थेट भामाबाईच्या दारात आले. "नागापूरहून पुष्पावतीचा निरोप आहे. घोळ झाली आहे. तुम्हाला बोलावलं आहे."

भामाबाईनं चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. "झाला का झाली, गुरुजी? नीट सांगा."

"झाली," गुरुजी ठामपणे म्हणाले. "ती बोलताना जरा चुकली, पण मी दुरुस्त करून घेतलं."

भामाबाईचा जीव भांड्यात पडला. पोरीनं सासरी घोळ उगवली म्हणजे संसार रुजला. चार दिवस कामं आवरून, रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारून ती सावकाश नागापूरला गेली. दारात पाऊल टाकलं तर घरभर करपल्याचा वास. रंभाजी कोरडे चुरमुरे खात होते. राहीबाई आणि पुष्पी दोघी स्टोव्हसमोर बसून तव्यावरच्या एका काळ्या वस्तूकडे बघत होत्या.

"आई, आता येतीस व्हय?" पुष्पी रडवेली होऊन म्हणाली. "गुरुजींना सांगितलं हुतं ना, घोळ झालाय, लगीच ये म्हनून! तुझ्या जावयाला मशीनवर घेतलं गं! सकाळच्या पाळीला जात्यात ते सांजच्याला येत्यात. घरात खायाला काय बी न्हाई!"

भामाबाई मटकन खाली बसली आणि हसू आवरेना म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. एवढ्यात तिची नजर उघड्या मागच्या दाराकडे गेली. लग्नात सोनईहून आणलेल्या तुळशीच्या मातीतून काय आलं असेल ते असेल, मोरीच्या कडेला, शिमिटाच्या फटीफटीतून, कुणी न लावता घोळ पसरली होती. गुरुजींचं या वेळी दोन्हीकडून बरोबर होतं.

तिनं काखेतली पिशवी पुष्पीच्या हातात दिली आणि पदर खोचला.

"ऊठ," ती म्हणाली. "आदी झालीय ती खुडून आन. झालाय त्यो मागनं निस्तरू."